लॉगिन फॉर्म आणि सीएसआरएफ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट बनवणारे, चालवणारे आणि ऑडिटचा अहवाल हातात घेऊन बसलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे एका कॉलेजचं काल्पनिक प्रवेश पोर्टल धरलंय. विद्यार्थी लॉगिन करतो, अर्ज भरतो, मार्कशीट आणि आधारची प्रत अपलोड करतो, फी भरतो. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलाय, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. सीएसआरएफ (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी) म्हणजे नेमकं काय?

ब्राउझरची एक जुनी खोड आहे. रिक्वेस्ट कुठल्या पानावरून निघाली याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. ती ज्या साइटकडे चालली आहे, त्या साइटच्या कुकीज (साइटने ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) तो सोबत जोडून देतो. तुम्ही पोर्टलमध्ये लॉगिन आहात, शेजारच्या टॅबमध्ये भलतंच एखादं पान उघडलंत, आणि त्या पानाने गुपचूप पोर्टलकडे ‘ईमेल बदला’ हा फॉर्म पाठवला, तर सर्व्हरला ती रिक्वेस्ट तुमचीच वाटते. कुकी खरी, सेशन खरं, फक्त बटण तुम्ही दाबलेलं नाही.

नेहमीचा उपाय म्हणजे टोकन. सर्व्हर फॉर्म देताना त्यात एक अंदाज न येणारी किंमत हिडन फील्डमध्ये घालतो आणि फॉर्म परत आला की ती जुळते का ते पाहतो. दुसऱ्या साइटवरचं पान फॉर्म पाठवू शकतं, पण तुमचं पान वाचू शकत नाही. त्यामुळे टोकन त्याच्या हाती लागत नाही.

२. लॉगिनच झालेलं नाही, तर हल्लेखोर काय नेणार? लॉगिन फॉर्मला टोकन कशाला?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. शंका रास्त आहे, कारण इथे हल्ला उलट्या दिशेने चालतो. हल्लेखोर तुमच्या खात्यात शिरत नाही, तो तुम्हाला स्वतःच्या खात्यात शिरवतो. युजरनेम त्याचं, पासवर्ड त्याचा, ब्राउझर तुमचा. त्यानंतर तुम्ही पोर्टलवर जे काही भराल ते त्याच्या खात्यात जमा होतं, आणि तो सावकाश घरी बसून स्वतःच्या पासवर्डने लॉगिन करून ते वाचतो. बँकेत ठेवलेल्या कोऱ्या भरणा-पावत्यांवर कुणी आधीच आपला खातेक्रमांक लिहून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

ॲडम बार्थ, कॉलिन जॅक्सन आणि जॉन मिचेल या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये हा प्रकार नीट मांडला. त्यांच्या उदाहरणांपैकी एक सर्च इंजिनचं होतं. युजर नकळत हल्लेखोराच्या खात्यात लॉगिन होतो आणि त्याने शोधलेला प्रत्येक शब्द हल्लेखोराच्या सर्च हिस्टरीत नोंदला जातो. दुसरं पेपालचं होतं. युजर आपलंच खातं समजून क्रेडिट कार्ड जोडतो आणि ते कार्ड जाऊन बसतं लबाड दुकानदाराच्या खात्यात.

३. प्रत्यक्षात हा हल्ला कसा दिसतो?

फारच साधा, म्हणून तर त्रासदायक. हल्लेखोर प्रवेश पोर्टलवर रीतसर खातं उघडतो. मग स्वतःच्या एका पानावर फॉर्म लिहितो. ॲक्शनमध्ये पोर्टलच्या लॉगिनचा पत्ता, मेथड पोस्ट, दोन हिडन फील्ड, त्यात त्याचंच युजरनेम आणि पासवर्ड. खाली पान उघडताच फॉर्म सबमिट करणारी एक ओळ जावास्क्रिप्ट. झालं.

‘मेरिट लिस्ट इथे पाहा’ असा व्हॉट्सॲप मेसेज येतो, विद्यार्थिनी लिंक दाबते, क्षणभर पांढरं पान दिसतं आणि पोर्टलचा खराखुरा डॅशबोर्ड उघडतो. पत्त्याच्या पट्टीत खरं डोमेन, कुलपाचं चिन्ह जागेवर. ‘नमस्कार, अर्जदार’ असं लिहिलेलं असतं, कारण हल्लेखोराने खात्याचं नाव मुद्दाम ‘अर्जदार’ ठेवलंय. अर्ज रिकामा दिसतो. तिला वाटतं, सर्व्हर नेहमीसारखा गंडलाय, पुन्हा भरूया. ती आधार, मार्कशीट, जातीचा दाखला पुन्हा अपलोड करते.

फिशिंगपासून सावध राहायला आपण लोकांना डोमेन तपासायला शिकवतो. इथे डोमेन तपासून काहीच हाती लागत नाही.

४. सेशन कुकीला सेमसाइट लॅक्स लावलंय. क्रोमही २०२० पासून आपोआप लॅक्स धरतो. मग टोकन कशाला?

कारण सेमसाइट ज्या गोष्टीला अडवतं, तिची या हल्ल्यात गरजच नाही. दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टसोबत तुमची जुनी कुकी जाऊ नये, एवढं लॅक्स पाहतं. लॉगिन सीएसआरएफमध्ये जुनी कुकी कुणाला हवी आहे? युजरनेम-पासवर्ड फॉर्ममध्येच आहेत. कुकीशिवाय रिक्वेस्ट आली तर बहुतेक सर्व्हर निमूटपणे नवं सेशन काढतात, पासवर्ड बरोबर आहे म्हणून लॉगिन करून देतात आणि उत्तरात नवी सेशन कुकी पाठवतात. अख्खं पान त्या पत्त्यावर गेलेलं असल्यामुळे ब्राउझर ती कुकी ठेवूनही घेतो. लॅक्स असो वा त्याहून कडक स्ट्रिक्ट, काही फरक पडत नाही. आयफ्रेममधून (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातून) प्रयत्न झाला असता तर कुकी नाकारली गेली असती, पण हल्लेखोराला आयफ्रेमची सक्ती नाही.

सेमसाइट उपयोगी पडतं ते टोकनच्या जोडीला. लॉगिनआधीची कुकी (प्रश्न ५) लॅक्स असेल आणि ती नसताना आलेलं लॉगिन सर्व्हर सरळ नाकारत असेल, तर परक्या साइटवरून आलेली रिक्वेस्ट पहिल्याच पायरीवर गळते. लॅक्स मात्र स्वतः लिहा, ब्राउझरवर सोडू नका. क्रोममध्ये ज्या कुकीवर सेमसाइट लिहिलेलंच नाही, तिला पहिली दोन मिनिटं सवलत मिळते, आणि तेवढ्या वेळात ती परक्या पोस्टसोबतही जाते. शिवाय न लिहिलेलं ते लॅक्स असं सगळेच ब्राउझर धरत नाहीत.

५. लॉगिनच्या आधी सेशनच नसतं. मग टोकन कशाशी जोडायचं?

लॉगिनच्या आधीच एक सेशन सुरू करायचं, ज्याला प्री-सेशन म्हणतात. लॉगिन पान उघडलं की सर्व्हर एक रँडम आयडी असलेली कुकी देतो. या आयडीमागे अजून कुठलाही युजर नसतो, फक्त ‘हा ब्राउझर’ एवढीच ओळख असते. टोकन या ओळखीशी बांधायचं.

बांधलं नाही तर काय होतं, ते पाहा. हल्लेखोरही लॉगिन पान उघडू शकतो. त्यालाही सर्व्हरकडून अस्सल टोकन मिळतं. सर्व्हर फक्त ‘हे टोकन मी दिलेलं आहे का’ एवढंच तपासत असेल, तर हल्लेखोर स्वतःचं ताजं टोकन फॉर्ममध्ये घालेल आणि आरामात आत जाईल. विचारायचं ते हे, की टोकन *याच ब्राउझरला* दिलं होतं का. अनेक घरगुती कोडमध्ये नेमकी हीच गाठ सुटलेली असते. टोकन असतं, तपासणीही असते, उपयोग शून्य.

लॉगिन यशस्वी झालं की प्री-सेशन मोडायचं आणि नवा सेशन आयडी, नवं टोकन द्यायचं. हे विसरलात तर सेशन फिक्सेशन नावाचं दुसरं दुखणं ओढवतं, जिथे हल्लेखोराने आधी पेरून ठेवलेला आयडीच लॉगिननंतरही चालू राहतो. पीएचपीमध्ये सेशन आयडी बदलण्यासाठी तयार फंक्शन आहे. त्यालाच जुनं सेशन पुसायलाही सांगा.

६. टोकन किती लांब हवं? कसं तपासायचं?

भाषेच्या क्रिप्टोग्राफीसाठीच्या रँडम फंक्शनमधून काढा. १६ बाइट पुरतात, ३२ घेतले तर वाद मिटला. वेळ, युजरनेम किंवा आयपी यांचा एमडी५ काढून टोकन म्हणून वापरू नका. तुलना अशा फंक्शनने करा जिला किती अक्षरं जुळली यावर कमीजास्त वेळ लागत नाही. टोकन युआरएलमध्ये कधीच नको, ते सर्व्हर लॉगमध्ये आणि रेफरर हेडरमध्ये सांडतं.

एक बारीक चूक वारंवार दिसते. सेशनमध्ये टोकन नाही म्हणून रिकामी स्ट्रिंग, फॉर्ममध्येही टोकन नाही म्हणून रिकामी स्ट्रिंग. दोन्ही सारख्या, तपासणी पास! तुलनेच्या आधी दोन्ही बाजू भरलेल्या आहेत ना, हे पाहणारी ओळ लिहा.

७. आम्ही जँगो, लाराव्हेल, रेल्स किंवा स्प्रिंग वापरतो. हे सगळं आपोआप होतं ना?

बहुतांशी होतं, आणि म्हणून स्वतःचं लॉगिन शून्यापासून लिहिण्याचा सोस टाळा. जँगोचं तयार लॉगिन पान टोकन तपासतं आणि लॉगिननंतर ते बदलतंही. स्प्रिंग सिक्युरिटीत ४.० पासून हे संरक्षण मुळातच चालू असतं. लाराव्हेलमध्ये वेब राउट्सना ते लागू आहे.

गडबड होते ती माणसांनी घातलेल्या अपवादांमुळे. ‘लॉगिनला एरर येतेय’ अशी तक्रार आली की घाईत कुणीतरी तो राउट वगळलेल्यांच्या यादीत टाकतं, आणि मग तो कायमचा तिथेच राहतो. जँगोत सीएसआरएफ एक्झेम्प्ट आणि लाराव्हेलच्या मिडलवेअरमधली एक्सेप्ट यादी प्रोजेक्टभर शोधून पाहा. त्यात लॉगिन दिसलं तर प्रश्न ९ आणि १० वाचा, मूळ दुखणं बहुधा तिथे सापडेल.

एक्सप्रेसवाल्यांसाठी: सीसर्फ हे पॅकेज २०२२ मध्ये मोडीत काढलं गेलं. नव्या कामात ते घेऊ नका.

८. वर्डप्रेसमध्ये नॉन्स (त्याचं स्वतःचं टोकन) आहे. लॉगिन फॉर्मला तो लावला की काम झालं?

नाही, आणि कारण मजेशीर आहे. वर्डप्रेसच्या मूळ लॉगिन फॉर्ममध्ये नॉन्स नसतोच. अनेक जण स्वतःच्या कस्टम लॉगिन फॉर्ममध्ये तो घालतात. पण हा नॉन्स युजर आयडी, सेशन टोकन, ॲक्शनचं नाव आणि वेळेचा कप्पा यांपासून बनतो. लॉगिन न झालेल्या पाहुण्याचा युजर आयडी शून्य, सेशन टोकन रिकामं. म्हणजे त्या कप्प्यात येणाऱ्या झाडून सगळ्या पाहुण्यांना एकच नॉन्स मिळतो, हल्लेखोरालाही. प्रश्न ५ मधली ‘याच ब्राउझरला’ ही अट इथे पाळलीच जात नाही. लॉगिनसाठी वेगळी रँडम कुकी द्या आणि टोकन तिच्याशी बांधा.

९. युजरना लॉगिन करताना ‘४१९ पेज एक्स्पायर्ड’ किंवा ४०३ येतं. टोकन काढून टाकू का?

काढू नका. लाराव्हेलमध्ये टोकन सेशनमध्ये राहतं आणि सेशनची मुदत मुळात १२० मिनिटं असते. सायबर कॅफेत सकाळी उघडून ठेवलेल्या लॉगिन पानावर दुपारी कुणी पासवर्ड टाकला तर ४१९ येणारच. जँगोत टोकनची कुकी वर्षभर टिकते, त्यामुळे तिथे कारण सहसा वेगळं असतं. दोन टॅबमध्ये लॉगिन पान उघडं, एकात लॉगिन झालं, टोकन बदललं, मग दुसऱ्या टॅबमधलं जुनं टोकन नापास. बॅक बटण दाबून जुन्या फॉर्मवर परतणाऱ्यांचंही तेच.

उपाय माणुसकीचा ठेवा. कोरं एरर पान दाखवण्याऐवजी नव्या टोकनसह लॉगिन पानच पुन्हा द्या, युजरनेम भरून ठेवा, आणि ‘पान बराच वेळ उघडं होतं, कृपया पुन्हा लॉगिन करा’ एवढं लिहा. पासवर्ड मात्र पुन्हा टाइप करू द्या. जुन्या रिक्वेस्टमधला पासवर्ड उचलून सर्व्हरने आपणहून लॉगिन करून दिलं, तर सगळी तपासणी पाण्यात.

१०. जँगो ४ वर गेल्यावर लॉगिन बंद पडलं. टोकन बरोबर आहे, तरी ४०३.

जँगो ४.० पासून ओरिजिन हेडरही (रिक्वेस्ट कुठल्या साइटवरून निघाली ते सांगणारा) तपासला जातो. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर एचटीटीपीएस सांभाळतो आणि मागे जँगोकडे साधं एचटीटीपी पोहोचतं, अशी मांडणी असेल तर ब्राउझर सांगतो ‘मी एचटीटीपीएसवरून आलोय’ आणि जँगोला वाटतं आपण एचटीटीपीवर आहोत. दोन्ही जुळत नाहीत. मूळ प्रोटोकॉल कुठल्या हेडरमध्ये येतो ते जँगोला सांगा (आणि तो हेडर बाहेरून कुणी घुसडू नये म्हणून एनजिनएक्समध्ये नेहमी स्वतः भरा), किंवा ट्रस्टेड ओरिजिन्सच्या यादीत पत्ता घाला. ४.० पासून या यादीत पत्ता एचटीटीपीएससकट पूर्ण लिहावा लागतो, नुसतं डोमेन चालत नाही.

११. सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारं सर्व्हरचं जाळं) किंवा कॅश प्लगइन लावल्यापासून निम्म्या लोकांना लॉगिन होत नाही.

लॉगिन पान कॅश झालंय. पहिल्या माणसाचं टोकन सगळ्यांना वाटलं जातंय आणि ते इतरांच्या कुकीशी जुळत नाही. लॉगिन, नोंदणी आणि पासवर्ड रीसेटच्या पानांवर कॅश-कंट्रोल नो-स्टोअर लावा आणि सीडीएनमध्येही ही पानं वगळा. हेडरमधल्या छोट्या लॉगिन बॉक्समुळे अख्खं होमपेज या यादीत येत असेल, तर तो बॉक्स काढून तिथे लॉगिन पानाची लिंक द्या.

१२. कॉर्स बंद आहे, म्हणजे परकी साइट रिक्वेस्ट पाठवूच शकत नाही, बरोबर?

चूक. कॉर्स परक्या पानाला *उत्तर वाचू* द्यायचं की नाही ते ठरवतं. साधा एचटीएमएल फॉर्म कुठूनही कुठेही जाऊ शकतो, त्यासाठी कॉर्सला कुणी विचारत नाही. हल्लेखोराला उत्तर वाचायचंही नसतं. कुकी ब्राउझरमध्ये बसली की त्याचं काम झालं.

१३. आमचं लॉगिन जेसन एपीआयवर चालतं, फॉर्म नाहीच. तरी धोका आहे?

सर्व्हर कंटेंट-टाइप काटेकोरपणे तपासत असेल तर फारसा नाही. ॲप्लिकेशन-जेसन प्रकारची रिक्वेस्ट परक्या साइटवरून पाठवायची तर ब्राउझर आधी प्रीफ्लाइट पाठवून परवानगी विचारतो, आणि तुम्ही ती देत नाही.

पण पुष्कळ सर्व्हर कंटेंट-टाइप न बघता जे येईल ते जेसन म्हणून वाचतात. एचटीएमएल फॉर्मला ‘टेक्स्ट-प्लेन’ हा एन्कोडिंग प्रकार देता येतो, ज्यात फील्डचं नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत जशीच्या तशी जाते. मग हल्लेखोर फील्डच्या नावातच महिरपी कंस उघडून युजरनेम-पासवर्ड लिहितो, शेवटी एक फालतू की सुरू करून अवतरणचिन्ह उघडं ठेवतो, आणि किंमतीत ते चिन्ह व कंस बंद करतो. मधलं बरोबरचं चिन्ह त्या फालतू कीच्या पोटात जातं. तयार झालं वैध जेसन, प्रीफ्लाइटशिवाय. म्हणून कंटेंट-टाइप वेगळा असेल तर ४१५ देऊन परत पाठवा.

१४. टोकनऐवजी नुसता ओरिजिन किंवा सेक-फेच-साइट हेडर पाहिला तर?

आजच्या ब्राउझरसाठी हा चांगला उपाय आहे, आणि लॉगिन फॉर्मला तर खासच जमतो, कारण त्याला प्री-सेशन लागत नाही. सेक-फेच-साइट हेडर ब्राउझर स्वतः भरतो, पानावरच्या जावास्क्रिप्टला तो बदलता येत नाही. क्रोममध्ये तो २०१९ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून, सफारीत २०२३ पासून. किंमत ‘क्रॉस-साइट’ किंवा ‘सेम-साइट’ असेल तर लॉगिनची पोस्ट नाकारा, ‘सेम-ओरिजिन’ असेल तर घ्या. हेडरच नसेल तर ओरिजिन होस्टशी जुळवून पाहा. गो भाषेने २०२५ मध्ये १.२५ आवृत्तीत याच तत्त्वावरचं संरक्षण स्टँडर्ड लायब्ररीत आणलं.

एक खड्डा: लॉगिन पानावर रेफरर-पॉलिसी नो-रेफरर लावली असेल तर तुमच्याच फॉर्मसोबत ओरिजिन ‘नल’ म्हणून येतो आणि खरे युजर अडकतात. तिथे सेम-ओरिजिन ही पॉलिसी ठेवा. ‘नल’ला परवानगी देऊन हा प्रश्न सोडवू नका, सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममधून हल्लेखोरही ‘नल’च पाठवतो.

हातात टोकन देणारा फ्रेमवर्क असेल तर दोन्ही ठेवा.

१५. डबल सबमिट कुकी वापरतो. ऑडिटर म्हणतो सबडोमेनमुळे कमकुवत आहे.

ऑडिटर बरोबर आहे. या पद्धतीत सर्व्हर काहीच साठवत नाही, कुकीतली किंमत आणि फॉर्ममधली किंमत सारखी आहे का तेवढं पाहतो. आता कॉलेजचं प्रवेश पोर्टल एका सबडोमेनवर, ग्रंथालय दुसऱ्यावर, आणि २०१४ सालच्या टेकफेस्टची विसरलेली साइट तिसऱ्यावर. टेकफेस्टच्या साइटमध्ये शिरलेला माणूस अख्ख्या कॉलेजच्या डोमेनसाठी कुकी लावू शकतो. कुकी त्याची, फॉर्ममधली किंमतही त्याची, दोन्ही जुळतात. इथे सेमसाइटही मदतीला येत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी ‘एसी.इन’च्या आधीचं एक नाव मिळून साइट ठरते आणि ही तिन्ही सबडोमेन एकाच साइटची भावंडं आहेत.

कुकीच्या नावापुढे ‘होस्ट’ हा प्रीफिक्स लावा, आधी दोन अंडरस्कोर आणि नंतर एक जोडरेघ देऊन. अशी कुकी सिक्युअर असावी लागते, पाथ मुळापासून असावा लागतो आणि डोमेन लिहिता येत नाही, त्यामुळे शेजारच्या सबडोमेनला ती लावता येत नाही. शिवाय टोकन हे प्री-सेशन आयडीवर सर्व्हरच्या गुप्त कीने काढलेलं एचमॅक (एक प्रकारची सही) असू द्या. आणि ती टेकफेस्टची साइट बंद करा.

१६. लॉगिनला कॅप्चा आणि ओटीपी आहे. तेवढं पुरे ना?

कॅप्चा हल्लेखोर स्वतः सोडवू शकतो. त्याचं उत्तर युजरच्या ब्राउझरशी बांधलेलं नसेल तर तो सोडवलेलं उत्तर फॉर्ममध्ये घालून पाठवतो. ओटीपीही *त्याच्याच* मोबाइलवर येतो, आणि ओटीपीचा दुसरा फॉर्मही तसाच पाठवता येतो. हल्ला किचकट होतो, वेळेचं गणित जमवावं लागतं, पण दार बंद होत नाही. ओटीपीच्या फॉर्मवरही टोकन हवंच.

१७. लॉगआउटलाही टोकन लागतं का?

हो. लॉगआउट गेट रिक्वेस्टवर असेल तर एखाद्या पानावरच्या इमेज टॅगनेही युजर बाहेर फेकला जाऊ शकतो. एकटं ते फक्त चीड आणणारं आहे. लॉगिन सीएसआरएफसोबत मात्र ही जोडी जमते: आधी बाहेर काढा, मग दुसऱ्या खात्यात घाला. जँगोने गेटवरचं लॉगआउट ४.१ मध्ये नापसंत ठरवलं आणि ५.० मध्ये काढून टाकलं.

याच ओघात आणखी एक. आधीच लॉगिन असलेल्या सेशनमध्ये नव्या लॉगिनची पोस्ट आली तर गुपचूप खातं बदलू नका. ‘तुम्ही अमुक नावाने लॉगिन आहात, बदलायचं का?’ असं विचारा.

१८. साइटवर एक्सएसएस (तुमच्या पानात परकी स्क्रिप्ट चालू देणारा दोष) असेल तर?

मग टोकन निरुपयोगी. तुमच्याच पानात चालणारी स्क्रिप्ट टोकन वाचते आणि वापरते. उलट दिशेचा संबंध कमी लोकांच्या लक्षात येतो. ‘प्रोफाइलमधल्या नावात स्क्रिप्ट चालते, पण ते नाव ज्याचं त्यालाच दिसतं’ असा दोष अनेकदा बिनमहत्त्वाचा म्हणून सोडून दिला जातो. लॉगिन सीएसआरएफ असेल तर हल्लेखोर युजरला स्वतःच्या खात्यात आणतो, आणि ती स्क्रिप्ट युजरच्या ब्राउझरमध्ये चालते. दोन ‘किरकोळ’ दोष मिळून एक गंभीर दोष तयार होतो.

१९. मोबाइल ॲपच्या लॉगिनलाही हे लागू आहे?

ॲप ऑथरायझेशन हेडरमध्ये टोकन पाठवत असेल आणि कुकी वापरत नसेल तर नाही. मात्र तोच एपीआय वेबसाइटलाही कुकी देत असेल, तर ‘ॲपसाठी’ म्हणून संरक्षण काढलेला लॉगिन राउट ब्राउझरमधूनही चालतो. दोघांसाठी राउट वेगळे ठेवा.

२०. ऑडिट अहवालात हा दोष ‘लो’ आलाय. दुरुस्त करायलाच हवा का?

सरकारी साइट असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे निर्णय बहुधा तुमच्या हातात नसतोच. बाकीच्यांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: लॉगिन झाल्यावर युजर खात्यात काही *घालतो* का? कागदपत्रं, कार्ड, पत्ता, आजाराची माहिती? घालत असेल तर माझ्या मते ‘लो’ हा शेरा चुकीचा आहे. नुसत्या बातम्या वाचायच्या साइटवर तो ठीक आहे.

ओवॅस्प या वेब सुरक्षा संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीतून सीएसआरएफ २०१७ मध्ये वगळला गेला, हा दाखला देऊन काही जण हात झटकतात. फ्रेमवर्कमध्ये संरक्षण आलं म्हणून तो स्वतंत्र क्रमांक गेला. तुमच्या साइटवर ते संरक्षण चालू आहे की नाही, हे त्या यादीवरून कळत नाही.

२१. आमचा लॉगिन फॉर्म सुरक्षित आहे का, हे कसं तपासू?

पाच मिनिटांचं काम आहे, महागडं टूल नको. लॉगिन पान उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये टोकनचं हिडन फील्ड डिलीट करा आणि बरोबर पासवर्डने सबमिट करा. आत गेलात तर पुढचं तपासायची गरजच नाही. अडवलं गेलं तर फील्ड ठेवून किंमत रिकामी करा. मग कुकीही पुसून पाहा (प्रश्न ६ मधली रिकाम्या स्ट्रिंगची चूक इथे सापडते).

खरी परीक्षा पुढची. प्रायव्हेट विंडोत तेच लॉगिन पान उघडा, तिथलं टोकन कॉपी करून साध्या विंडोतल्या फॉर्ममध्ये चिकटवा. लॉगिन झालं, तर टोकन ब्राउझरशी बांधलेलं नाही. शेवटी लॉगिनच्या आधीचा आणि नंतरचा सेशन आयडी शेजारी ठेवून पाहा. तो बदललेला हवा. ही सगळी तपासणी स्वतःच्या किंवा लेखी परवानगी असलेल्या साइटवरच करा.

२२. आमच्याकडे फक्त ‘गूगलने लॉगिन करा’ आहे. मग सुटलो ना?

फॉर्म गेला, पण हल्ला कॉलबॅकच्या पत्त्यावर (गूगल युजरला जिथे परत पाठवतो तिथे) सरकला. हल्लेखोर स्वतःच्या गूगल खात्याने प्रक्रिया सुरू करतो, कोड मिळाल्यावर थांबतो, आणि कोड असलेली ती कॉलबॅक लिंक युजरकडून उघडून घेतो. युजर हल्लेखोराच्या खात्यात. ओऑथ या लॉगिन पद्धतीमधलं स्टेट हे पॅरामीटर यासाठीच आहे: सुरुवात करताना रँडम किंमत काढा, ब्राउझरच्या सेशनशी बांधा, कॉलबॅकवर जुळवा. पिक्सी (कोड सुरुवात करणाऱ्याशी बांधणारी ओऑथची जोड) नीट वापरलं आणि समोरचा सर्व्हर ते खरोखर तपासत असेल तर तेही हे काम करतं.

गूगलचं नवं बटण आयडी टोकन थेट तुमच्या पत्त्यावर पोस्ट करतं. त्यासोबत सीएसआरएफ टोकन कुकीतही येतं आणि पोस्टमध्येही. ते दोन्ही जुळवण्याची ओळ कॉपी-पेस्ट करताना गळते, ती पाहा.

खातं *जोडण्याचा* राउट जास्त जपा. तिथे स्टेट नसेल तर हल्लेखोराचं गूगल खातं युजरच्या खऱ्या खात्याला चिकटतं, आणि मग तो थेट आत येतो.

२३. ॲपलच्या लॉगिनला स्टेट जुळत नाही, आणि पेमेंट करून परत आलेला युजर लॉगआउट दिसतो. दोन्हीचं कारण एकच?

हो. नाव किंवा ईमेल मागितलं की ॲपल उत्तर पोस्टने पाठवतो. अनेक पेमेंट गेटवेही तसंच करतात. परक्या साइटवरून आलेली पोस्ट, म्हणून लॅक्स कुकी येत नाही. सेशन सापडत नाही, स्टेट कशाशी जुळवणार?

सेशन कुकी सरसकट सेमसाइट नन करू नका. ॲपलसाठी फक्त स्टेट ठेवणारी, काही मिनिटांत संपणारी, सिक्युअर आणि सेमसाइट नन असलेली वेगळी छोटी कुकी ठेवा. पेमेंटच्या परतीच्या पत्त्यावर सीएसआरएफ तपासणी वगळावी लागते, तिथे गेटवेची सही तपासा, ऑर्डर क्रमांकावरून नोंद करा आणि ब्राउझरला साध्या गेटने पावतीच्या पानावर पाठवा. त्या रीडायरेक्टनंतरही कुकी आली नाही, तर मधे एक छोटं पान दाखवून तिथल्या लिंकवरून पुढे न्या. परतीच्या पोस्टवर कोरं सेशन उघडून जुन्या कुकीवर नवी लिहू नका, अनेक ‘लॉगआउट’ त्यानेच होतात.

२४. ईमेलमध्ये लॉगिनची लिंक पाठवतो, पासवर्ड नाहीच.

हल्लेखोर स्वतःसाठी लिंक मागवतो आणि ती तुमच्या युजरला फॉरवर्ड करतो. दाबली की झालं लॉगिन. लिंक ज्या ब्राउझरने मागवली त्याच्याशी बांधता येते, पण लोक संगणकावर लिंक मागवतात आणि मोबाइलवर मेल उघडतात, त्यामुळे ही अट नेहमी झेपत नाही. मग लिंक उघडल्यावर लगेच लॉगिन करू नका. ‘तुम्ही अमुक ईमेलने लॉगिन करत आहात’ असं ठळक दाखवून टोकनसह बटण द्या. मेल स्कॅनर आधीच लिंक उघडून ती वाया घालवतात, तो त्रासही यात टळतो.

२५. कंपनीच्या सॅमल (एकाच खात्याने अनेक साइट उघडण्याची पद्धत) लॉगिनमध्ये युजर पोर्टलवरच्या टाइलवर क्लिक करून थेट येतो. तिथे टोकन कुठे घालायचं?

कुठेच घालता येत नाही. लॉगिन तुमच्या साइटवरून सुरू झालं असेल तर तुम्ही पाठवलेल्या रिक्वेस्टचा आयडी उत्तरात परत येतो आणि तो प्री-सेशनशी जुळवता येतो. टाइलवरून आलेल्या लॉगिनमध्ये तुम्ही काही मागितलेलंच नसतं, सही केलेलं उत्तर अचानक दारात येतं. हल्लेखोर स्वतःचं असं उत्तर युजरच्या ब्राउझरमधून पाठवू शकतो आणि सही खरी असल्याने ते ओळखता येत नाही. शक्य असेल तर हा प्रकार बंद ठेवा. टाइलचा पत्ता तुमच्या लॉगिन सुरू करणाऱ्या पानाकडे वळवा, म्हणजे युजरला एक क्लिकच लागेल पण रिक्वेस्ट तुमच्याकडून निघेल. ग्राहक हटून बसला, तर निदान उत्तराची मुदत अगदी कमी ठेवा, एकदा वापरलेलं उत्तर पुन्हा घेऊ नका आणि आधीच लॉगिन असलेल्या युजरसाठी प्रश्न १७ मधलं विचारणारं पान दाखवा.